मेळाव्यात मोबाइलवर मतदान घ्यायचंय? ॲप सगळ्यात शेवटी ठरवा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरात रत्नागिरीत आंबा-काजू बागायतदारांचा दोन दिवसांचा मेळावा आहे. माणसं अडीचशे, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. गेल्या वर्षी जेवणानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. अध्यक्षांनी मुंबईच्या एका परिषदेत लोक फोनवरून मत देतात आणि पडद्यावर पट्ट्या वर-खाली होतात हे बघितलं, आता त्यांना तसंच हवंय. तर ॲप कुठलं घ्यावं?

मी वीसेक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात सभा-मेळाव्यांची यंत्रणा सांभाळायचं काम करतो. सुरुवात माईक आणि कर्ण्यांपासून झाली, मग प्रोजेक्टर आले, मग एलईडी भिंत, आणि गेली काही वर्षं हे फोनवरचं मतदान. बागायतदारांचे मेळावे, डॉक्टरांच्या परिषदा, पतसंस्थांच्या सभा, मच्छीमारांच्या कार्यशाळा, सगळीकडे केबल ओढून झाल्यात. त्यामुळे आधीच सांगतो, तुम्ही विचारलेला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. स्लायडो घ्या नाहीतर मेंटिमीटर घ्या. दोन्ही २०१२ साली निघाली, पहिलं स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला, दुसरं स्टॉकहोमला. दोन्हींत लोकांना काही डाउनलोड करावं लागत नाही, ब्राउझरमध्ये पान उघडून आकडा टाकला की माणूस आत. त्यांच्यात डावं-उजवं करत बसू नका. तुमचा खरा प्रश्न असा आहे की लोकांनी उत्तर दिल्यावर व्यासपीठावरची माणसं त्या उत्तराचं काय करणार?

जत्रेत गाऱ्हाणं घालतात तेव्हा बघा. प्रत्येक ओळीला समोरून ‘व्हय म्हाराजा’ येतं. तिथे कुणी पेंगत नाही, कारण पुढची ओळ त्या होकारावर अडलेली असते. जाखडी नाचाच्या सामन्यातही शक्तीवाल्यांनी सवाल टाकला की समोरच्या तुरेवाल्यांना त्याच सवालाचा जवाब द्यावा लागतो, घरून पाठ करून आणलेलं दुसरं गाणं चालत नाही. आपल्या मेळाव्यांत मात्र उलटं होतं. वक्ता प्रश्न विचारतो, पट्ट्या हलतात, वक्ता ‘वा, छान’ म्हणतो आणि आधीच ठरलेली पुढची स्लाइड लावतो. दुसऱ्या प्रश्नालाच लोकांना कळतं की आपण मत दिलं काय आणि नाही दिलं काय. तिसऱ्या प्रश्नाला फोनवर व्हॉट्सॲप उघडलेलं असतं.

म्हणून प्रश्न कसा निवडायचा ते उदाहरणाने सांगतो. एका आयोजकाने मला पहिला प्रश्न दिला होता: ‘हापूस किती आणे तयार झाला की काढावा?’ समोर सगळे बागायतदार. चौदा आणे हे त्यांच्या घरातल्या पोरांनाही माहीत असतं. सगळ्यांनी तेच दाबलं, पडद्यावर एकच उंच पट्टी उभी राहिली, आणि मागून आवाज आला, “हे विचारायला बोलावलंत काय?” त्याच मेळाव्यात दुपारी मी वक्त्याला दुसरा प्रश्न सुचवला: फळमाशीच्या सापळ्यात कुठल्या माश्या सापडतात? नर, मादी की दोन्ही? दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बऱ्याच जणांनी बागेत टांगलेला असतो, मेलेल्या माश्यांचा ढीग रोज बघितलेला असतो, पण वाकून नर-मादी कोण बघतं? मतं जवळजवळ अर्धी-अर्धी फुटली. मग वक्त्याने उत्तर सांगितलं नाही. “शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडा आणि पुन्हा मत द्या,” एवढंच म्हणाला. सभागृहात जो गलका झाला तो मला माईकवरूनही आवरेना. एक आजोबा उभे राहून ओरडले, “अंडी मादी घालते, मग नर मारून उपयोग काय?” व्याख्यान तिथून पुढे त्याच प्रश्नावर चाललं. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला फक्त नर येतात, नरच उरले नाहीत तर माद्यांचं मिलन होत नाही, आणि म्हणून एकट्याने सापळे लावून भागत नाही, शेजारच्या बागेतही हवेत. हे सगळं वक्त्याच्या स्लाइडवर होतंच. फरक एवढाच की आता लोकांना ते ऐकायचं होतं.

ही रीत माझी नव्हे. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९१ मध्ये वर्गात असं शिकवायला सुरुवात केली: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. त्यांचा आडाखा कामाचा आहे. साधारण ३० ते ७० टक्के लोकांचं उत्तर बरोबर असेल तर चर्चा रंगते. त्याहून कमी असेल तर विषय पुन्हा समजावा, जास्त असेल तर वेळ न घालवता पुढे चला. वक्त्यांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, आणि आणखी एक गोष्टही सांगावी लागते. मतदान चालू असताना गप्प बसायचं. शहरातल्या परिषदेत अर्ध्या मिनिटात मतं येतात, आपल्याकडे चष्मा काढून-पुसून लावण्यापासून सुरुवात असते, दीड मिनिट धरा. तेवढी शांतता बहुतेक वक्त्यांना सोसत नाही, ते बोलू लागतात आणि लोकांना वाचू देत नाहीत. चाळीस मिनिटांच्या सत्रात असे दोन प्रश्न खूप झाले.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे नाव न कळता मत देता येणं. आपल्याकडे सभेत बसलेली माणसं एकमेकांची भावकी, शेजारी, नाहीतर व्याही असतात. हात वर करताना माणूस आधी कोण बघतंय ते बघतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हापूस हे नाव ठरावीक भागातल्याच आंब्याला लावायचं; रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले पाच जिल्हे. त्यानंतरच्या एका चर्चासत्रात वक्त्याने विचारलं, “तुमच्या ओळखीत कुणी बाहेरचा आंबा आपल्या पेटीत मिसळतं का? हात वर करा.” एकही हात नाही. सगळे छताकडे बघत होते. तोच प्रश्न मी फोनवर टाकला, कुणाचं नाव दिसणार नाही हे दोनदा सांगून. बहुतेकांनी ‘हो’ दाबलं. पडद्याकडे बघून आधी हशा झाला, मग सगळे गप्प. नंतरचा तास कुणी चहालाही उठलं नाही. पण हे विचारायचं तर नाव खरोखरच दिसता कामा नये. व्हॉट्सॲपच्या गटात २०२२ पासून मतदानाची सोय आहे आणि ती सगळ्यांना जमते, पण कुणी काय दाबलं ते गटातल्या सगळ्यांना दिसतं. जेवणात काय हवं, बस किती वाजता सुटावी, एवढ्यापुरती ती उत्तम. शिवाय त्या गटात अडीचशे जणांचे नंबर अडीचशे जणांकडे जातात. नंबर गोळा करताच असाल तर कशासाठी ते लिहून संमती घ्या, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहे. माझं मत विचाराल तर मतदानासाठी नंबर मागूच नका.

आता रेंज. आपल्याकडची सभागृहं जांभ्याच्या जाड भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची. बाहेर पायरीवर फोन मस्त चालतो, आत शिरलं की मलूल होतो. त्यात अडीचशे जणांनी एकाच मिनिटात एकच पान उघडलं की संपलं. लोक म्हणतात वायफाय लावू. घरगुती राउटर तीस-चाळीस फोनांवर धापा टाकायला लागतो. म्हणून चार-पाच राउटर ओळीने लावतात, तेही फसतं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाहिन्या तीनच असतात, १, ६ आणि ११. चौथा राउटर कुणाच्या तरी पायात येतोच. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण जुने फोन तो पट्टा पकडत नाहीत. पैसे असतील तर मोठ्या गर्दीसाठीची यंत्रणा भाड्याने आणा. नसतील तर एक युक्ती आहे, आणि मी बहुतेक ठिकाणी तिच्यावरच भागवतो. मत पाठवायला डेटा नगण्य लागतो, जड असतं ते पान पहिल्यांदा उघडणं. तेव्हा ते पान सभागृहात उघडायला लावूच नका. सकाळी नोंदणीच्या टेबलावर, बॅज गळ्यात घालतानाच, स्वयंसेवकाने प्रत्येकाच्या फोनवर ते उघडून एक चाचणीचं मत देऊन घ्यायचं: ‘आज घरून किती वाजता निघालात?’ मंडणगडहून आणि दोडामार्गहून आलेल्यांची उत्तरं पहिल्या सत्राच्या आधी पडद्यावर दाखवा. यंत्रणा तपासली जाते आणि लोक हसतात, दोन्ही कामं होतात.

त्यासाठी क्यूआर कोड लागेल. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला बनवला होता, मंगल कार्यालयाच्या शेवटच्या रांगेतून वाचायला नव्हे. ठोकताळा असा की जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या एक दशांश आकार हवा. वीस मीटरवरून वाचायचा तर कोड दोन मीटर रुंद! तेवढा पडदा कुणाकडे असतो? म्हणून कोड पडद्यावर नको, बॅजच्या मागे आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर छापा. कोडभोवती त्यातल्याच चार बारीक चौकोनांएवढी पांढरी कड मोकळी लागते. एकदा फ्लेक्स करणाऱ्याने शोभा यावी म्हणून कडेपर्यंत आंब्याची पानं काढली आणि निम्म्या फोनांनी कोड वाचायला नकार दिला. आणि फुकटात ‘बदलता येणारा’ कोड, म्हणजे छापल्यावरही आतला पत्ता बदलता येतो असा, बनवून देणाऱ्या ठिकाणांपासून जपून राहा. काही दिवसांनी त्यांची चाचणीची मुदत संपते आणि छापलेले तीनशे बॅज मुके होतात.

वीज जाणार हे गृहीत धरा. जनरेटर अर्ध्या मिनिटात चालू होतो, पण राउटर परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तोवर वक्त्याचा ताल जातो. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. एक छोटा यूपीएस फक्त राउटरसाठी ठेवा.

साठीच्या पुढच्या मंडळींबद्दल. देवगडकडच्या एका काकांनी मला बॅज परत दिला आणि म्हणाले, “माका ह्यां काय जमाचा नाय, माजो फोन बटनाचो.” त्यांच्यासारखे पंचवीस-तीस जण असतील तर ते दोन दिवस दुसऱ्यांची गंमत बघत बसतात. त्या दिवसापासून मी मोठ्या वयाच्या सभेत फोन आधी काढतच नाही, पुठ्ठ्याची कार्डं वाटतो. प्लिकर्स नावाची सोय शाळांसाठी निघाली आहे. प्रत्येक कार्डावर वेगळा काळा-पांढरा ठसा असतो आणि कार्ड कुठल्या बाजूने वर धरलंय त्यावरून अ, ब, क, ड ठरतं. आयोजकाने आपल्या एकाच फोनचा कॅमेरा सभागृहावरून फिरवला की सगळी मतं मोजली जातात. समोरच्यांना फोन नको, रेंज नको. अडचण एवढीच की एका संचात ६३ कार्डं असतात. पण ही अडचण माझ्या पथ्यावर पडली. सहा जणांत एक कार्ड दिलं की अडीचशे माणसांचे बेचाळीस गट होतात. मग कार्ड कुठल्या बाजूने धरायचं यावर त्या सहांना आपसांत बोलावंच लागतं. कार्डं मोठी छापा, आणि पुन्हा वापरायची म्हणून चकचकीत लॅमिनेशन करू नका, दिव्याचा झोत परततो आणि कॅमेऱ्याला ठसा दिसत नाही. तुमच्या मेळाव्यात पहिल्या दिवशीच्या सत्रांतल्या मतदानाला मी फक्त कार्डं ठेवीन.

गुणांची शर्यत मात्र टाळा. कहूटसारख्या फोनवरच्या प्रश्नमंजुषेच्या खेळांत लवकर दाबणाऱ्याला जास्त गुण मिळतात. कॉलेजच्या मुलांना ते झकास. बागायतदारांच्या सभेत पहिले पाच क्रमांक कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे आले आणि चाळीस वर्षं कलमं केलेला माणूस एकशे सत्तराव्या क्रमांकावर, असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तो माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही.

शब्दांचा ढग, म्हणजे लोकांनी लिहिलेले शब्द पडद्यावर लहान-मोठे दिसतात तो प्रकार, मराठीत सांभाळून वापरावा लागतो. ‘यंदा सगळ्यात जास्त त्रास कशाचा?’ असं विचारलं तर एक जण ‘फुलकिडी’ लिहितो, दुसरा ‘फुलकिडे’, तिसरा ‘थ्रिप्स’, चौथा ‘थ्रीप्स’, पाचवा तेच रोमन लिपीत. यंत्राला हे पाच वेगळे शब्द. मग ज्याने सगळ्यांना रडवलं ती फुलकिडी कोपऱ्यात बारीक दिसते आणि ‘माकड’ भलंमोठं, कारण माकडाचं शुद्धलेखन कुणी चुकवत नाही. पर्याय देऊन विचारा. ढग हवाच असेल तर एक माणूस शब्द एकत्र करायला बसवा. आणि अक्षरं आधी पडद्यावर तपासून घ्या, काही ठिकाणी जोडाक्षरं फुटून वेलांट्या भलतीकडे जातात.

प्रश्नोत्तरांसाठी मात्र फोनसारखं दुसरं काही नाही. आपल्याकडे माईक फिरवला की तो ठरावीक चार जणांच्या हातात जातो, आणि “प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो” असं म्हणून बारा मिनिटं जातात. मागे बसलेल्या बायका, बाग प्रत्यक्ष त्याच सांभाळत असल्या तरी, माईक घेत नाहीत. फोनवर लिहून पाठवलेल्या प्रश्नांना इतरांनी अंगठा द्यायचा आणि ज्याला जास्त अंगठे तो आधी, असं केलं की प्रश्नांचा नूरच बदलतो. कर्जाचे, मजुरांचे, दलालाने पैसे थकवल्याचे प्रश्न वर येतात. फक्त ते थेट पडद्यावर जाऊ देऊ नका. मी एकदा मधली चाळणी लावायला विसरलो आणि उद्घाटकांचं भाषण चालू असताना त्यांच्या डोक्यामागे पडद्यावर आलं, “ह्यांचा आंबा कुठला ते विचारा.” त्या संस्थेने मला पुन्हा बोलावलेलं नाही. चाळायला गावातलाच पण कुठल्याही गटात नसलेला माणूस बसवा. असा माणूस शोधणं हे सगळ्यात कठीण काम आहे, हे मान्य. त्याने शिव्या आणि नावं तेवढी गाळायची, अडचणीचे प्रश्न नाहीत.

ॲपच्या मोफत योजनांबद्दल एक वाक्य: त्यांत किती माणसं आत येऊ शकतात याला मर्यादा असते आणि ती अधूनमधून बदलते. मी ती न वाचता एकदा दोनशे जणांपुढे उभा राहिलो, पहिले काही डझन आत गेले आणि बाकीच्यांच्या फोनवर इंग्रजीत निरोप झळकला. चूक माझीच. मेळाव्यापुरतेच पैसे भरायची योजना मिळते का ते बघा आणि ती घ्या.

राहिली दुपारची गोष्ट. गेल्या वर्षी खुर्च्या रिकाम्या झाल्या त्याचं कारण मी न बघता सांगू शकतो. सकाळी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग मनोगतं. कामाचं पहिलं सत्र सुरू झालं तेव्हा साडेअकरा वाजले असणार. नंतर सुरमई आणि सोलकढी. त्यावर अंधाऱ्या सभागृहात स्लाइड दाखवल्या तर देव जरी बोलायला आला तरी लोक वामकुक्षी घेणार, तिथे कुठलंच यंत्र कामी येत नाही. पहिला प्रश्न सत्काराच्या आधी विचारा. आणि जेवणानंतर फोन, कार्डं सगळं बाजूला ठेवून माणसांना उठवा. चार कोपऱ्यांत चार पाट्या लावा: ‘कॅनिंगला देतो’, ‘वाशी मार्केटला पाठवतो’, ‘थेट गिऱ्हाइकाला विकतो’, ‘बाग करारावर देतो’. ज्याने त्याने आपल्या पाटीखाली जायचं. दहा मिनिटं त्यांना तिथेच एकमेकांशी भाव, खोकी, वाहतूक यावर बोलू द्या. माईक घेऊन मध्ये फिरा, प्रत्येक कोपऱ्यातून दोघांना बोलतं करा. वीज, रेंज, बॅटरी काहीच लागत नाही.

तुमचा पहिला प्रश्न मीच देतो. पहिल्या दिवशी सकाळी, कार्डांवर, सहा-सहांच्या गटांत: ‘उद्या सकाळचं मुख्य सत्र कशावर हवं? फुलकिडी, विमा, थेट विक्री की जुन्या बागांचं पुनरुज्जीवन?’ जे निवडून येईल त्याला दुसऱ्या दिवशी नऊ ते अकराचा वेळ द्या, बाकीची सत्रं मागे सरकवा आणि नवीन वेळापत्रक जेवणाच्या मांडवाच्या तोंडाशी लावा. त्यासाठी चारही वक्त्यांना आजच फोन करून सांगा की त्यांचं सत्र नऊला होईल की दोनला ते लोक ठरवणार आहेत. त्यांच्यातल्या एकालाही हे चालणार नसेल तर हा प्रश्न विचारू नका.